सममिती आणि तोल : चित्रकलेतील एका तत्त्वाची ओळख

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे काही लिहून द्यावे, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हाला केली. आम्ही पेशाने बँकेतील कारकून. कला शाखेचे पदवीधर आहोत हे खरे. पण ती कला म्हणजे इतिहास आणि मराठी, रंग-कुंचल्याची नव्हे. तरीही विषय निवडला तो चित्रकलेतला. त्याला कारण आहे. मागे आपल्या विहाराच्या दर्शनी भागाचा नकाशा ठरत असताना आमच्या हातून एक चूक होता होता राहिली. सममिती या एका शब्दाच्या अर्ध्यामुर्ध्या ज्ञानातून ती चूक होणार होती. तो प्रसंग लेखाच्या शेवटी सांगू. आधी शब्द समजून घेऊ.

१. सममिती म्हणजे काय?

विद्यार्थी मित्रांनो, एक कागद घ्या. त्याची मधोमध घडी घाला. घडीच्या एका बाजूला शाईचा ठिपका टाकून कागद दाबा आणि उघडा. डावीकडे जो आकार उमटला तोच उजवीकडे उमटलेला दिसेल. घडीची रेघ म्हणजे सममितीचा अक्ष. अक्षाच्या एका बाजूस जे आहे ते तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच आकाराचे, पण उलटे होऊन दुसऱ्या बाजूस येणे, याला आरशातील सममिती म्हणता येईल. पिंपळाचे पान, फुलपाखरू, माणसाचा चेहरा ही तिची रोजची उदाहरणे.

दुसरा प्रकार फिरण्याचा. चाक आपल्या आसाभोवती थोडे फिरवले तरी पूर्वीसारखेच दिसते. येथे रेघ नसून मध्यबिंदू महत्त्वाचा. याला चक्रीय सममिती म्हणू. तिसरा प्रकार पुनरावृत्तीचा. साडीचा काठ, फरशीचे नमुने, लेण्यातील खांबांची रांग यांत एकच आकार सारख्या अंतराने पुढे पुढे सरकत जातो.

पहिल्या दोन प्रकारांत विद्यार्थ्यांची नेहमी गल्लत होते. ती टाळण्यासाठी जत्रेतले कागदी भिरभिरे आठवावे. भिरभिऱ्याला चार पाती असतात. ते पाव फेरा फिरवले की पूर्वीसारखेच दिसते, म्हणजे त्याला चक्रीय सममिती आहे. पण त्याच्या मधून कुठलीही रेघ ओढून घडी घाला, पाती एकमेकांवर बसणार नाहीत. कारण सगळी पाती एकाच दिशेने वळलेली असतात. म्हणजे आरशातील सममिती त्याला नाही. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सांचीच्या स्तूपाजवळ गेल्यावर ती आपल्याला लागणार आहे.

२. चोवीस आरे

सममितीचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे आपल्या राष्ट्रध्वजावरील अशोकचक्र. त्याला २४ आरे आहेत. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश. त्यांना २४ ने भागले की १५ येतात. म्हणजे दोन आऱ्यांमधील कोन १५ अंशांचा. चक्र १५ अंश फिरवा, ते पूर्वीसारखेच दिसेल. मधून उभी रेघ ओढा, डावी बाजू उजवीवर तंतोतंत बसेल. दोन्ही प्रकारच्या सममिती एकाच आकृतीत आहेत.

हे केवळ शोभेसाठी नव्हे. १९३१ साली स्वीकारलेल्या तिरंगी ध्वजावर चरखा होता. चरख्याला एका टोकास चाक आणि दुसऱ्या टोकास चाती. ध्वज पलीकडच्या बाजूने पाहिला की चाक इकडचे तिकडे आणि चाती तिकडची इकडे दिसणार. ध्वजाच्या एका बाजूस जे चिन्ह असेल तेच हुबेहूब दुसऱ्या बाजूस दिसले पाहिजे, ही अडचण २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत ध्वजाचा ठराव मांडताना पंडित नेहरूंनी स्वतः सांगितली होती. चक्र घेतल्याने ही अडचण सुटली. कारण चक्र कुठूनही पाहा, ते तेच असते. या ध्वजासाठी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही सदस्य होते. हे चक्र घेतले ते सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून.

आता हे चक्र हाताने कसे काढावे? आपल्या कार्यक्रमांच्या फलकांवर आम्ही कधी २२ तर कधी २६ आऱ्यांची चक्रे पाहिली आहेत. काढणाऱ्याची भावना चांगली असते, पण अंदाजाने आरे काढत गेले की शेवटी एखादा उरतो तरी किंवा कमी पडतो तरी. कंपासपेटीतील साहित्याने ते अचूक काढता येते. कंपासने एक वर्तुळ काढा. कंपासचे अंतर न बदलता वर्तुळाच्या परिघावर एका बिंदूपासून खुणा करत चला. बरोबर सहा खुणा होतील आणि सहावे अंतर पहिल्या बिंदूवर येऊन मिळेल. हे झाले ६० अंशांचे सहा भाग. प्रत्येक भाग दुभागा. बारा भाग झाले. पुन्हा एकदा दुभागा, चोवीस झाले. कोनमापकाचीसुद्धा गरज नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना कर्तव्यभूमितीसाठी हा सराव फार उपयोगी पडतो.

३. सारनाथचे सिंह : सारखेपणातला फरक

त्याच सारनाथच्या शीर्षाकडे थोडे बारकाईने पाहू. वर चार सिंह पाठीला पाठ लावून चार दिशांकडे तोंड करून बसलेले आहेत. त्यामुळे कुठल्याही दिशेने येणाऱ्याला सिंह समोरच दिसतो. २६ जानेवारी १९५० रोजी ही आकृती राजमुद्रा म्हणून स्वीकारली गेली. चित्रात चौथा सिंह पाठीमागे झाकला जातो, म्हणून तीनच दिसतात.

सिंहांच्या खालच्या गोल पट्टीवर मात्र चारही बाजूंना एकच प्राणी नाही. हत्ती, बैल, घोडा आणि सिंह असे चार निरनिराळे प्राणी असून दोन प्राण्यांच्या मध्ये एकेक चक्र आहे. राजमुद्रेत मध्यभागी चक्र, उजवीकडे बैल व डावीकडे घोडा दिसतो. खिशातले नाणे काढून पाहावे. बैल भरीव आणि संथ, घोडा हलका आणि धावता. दोघे एकसारखे नाहीत, तरी मुद्रा एका बाजूला कललेली वाटत नाही. दोघांना जागा सारखी मिळाली आहे, उंची साधारण सारखी आहे आणि मध्ये चक्र आहे. जागा समान, रूप मात्र ज्याचे त्याचे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराला एवढी समज होती. आम्हाला ती चाळिशी ओलांडल्यावर आली.

४. सांची : आरसा नव्हे, फेरा

मध्य प्रदेशातील सांचीचा मोठा स्तूप अनेक सभासदांनी पाहिला असेल. मूळचा विटांचा स्तूप सम्राट अशोकाच्या काळातला. पुढे शुंगकाळात तो दगडांनी मढवून वाढवला गेला आणि सातवाहनांच्या काळात चार दिशांना चार तोरणे उभी राहिली. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंताचे काम करणाऱ्या कारागिरांनी कोरीव काम केल्याचीही नोंद आहे. आजच्या स्तूपाचा व्यास साधारण ३६ मीटर आणि उंची साधारण १६ मीटर आहे. १९८९ पासून सांची जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे.

दुरून पाहिले की वाटते, अर्धगोल घुमट, चार दिशांना चार तोरणे, म्हणजे अगदी आरशातली सममिती. पण तोरणाजवळ गेल्यावर वेगळेच दिसते. तोरणातून सरळ नाकासमोर आत जाता येत नाही. कठडा पुढे येऊन वळलेला आहे, त्यामुळे माणसाला काटकोनात वळून आत शिरावे लागते. चारही तोरणांपाशी हे वळण एकाच रीतीने घेतलेले आहे. त्यामुळे वरून पाहिल्यास कठड्याची आकृती स्वस्तिकासारखी दिसते. मघाचे भिरभिरे आठवले ना? पाव फेरा फिरवला तर नकाशा तोच. पण मध्ये आरसा धरला तर वळणे उलटी होतात.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर प्रदक्षिणेत आहे. स्तूपाची प्रदक्षिणा स्तूप उजव्या हाताला ठेवून घालतात. तिला दिशा आहे. आरशात पाहिली तर ती उलटी होईल. म्हणून जिथे माणसांनी फिरायचे आहे, तिथे फिरण्याला जुळणारी चक्रीय सममितीच शोभते. तोरणापाशी घ्यावे लागणारे ते वळण माणसाची चाल क्षणभर मंद करते. तो घाईने आत घुसत नाही.

आणखी एक गोष्ट. स्तूपाच्या वरच्या प्रदक्षिणापथावर जाण्यासाठी दोन बाजूंनी चढणारा जिना आहे, तो फक्त दक्षिणेला. बाकी तीन दिशांना नाही. सममितीच्या हट्टापायी चारही दिशांना जिने बांधलेले नाहीत. गरज एका बाजूला होती, जिना एका बाजूला केला. स्तूपाला त्याने कमीपणा आलेला नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीचा भव्य स्तूप सांचीच्याच धर्तीवर उभा आहे. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यालाही चार दिशांना चार दरवाजे आहेत. दादरच्या चैत्यभूमीचे प्रवेशद्वारही सांचीच्या तोरणाची आठवण देते. म्हणजे हा विषय पुस्तकातला नसून आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा आहे.

५. कार्ले : अनेकांच्या हातांनी झालेली सममिती

लोणावळ्याजवळचे कार्ल्याचे चैत्यगृह हे भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. आतली लांबी सुमारे १२४ फूट आणि रुंदी सुमारे ४५ फूट. दारात उभे राहिले की दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर लाकडी कमानी आणि अगदी टोकाला स्तूप. प्रत्येक रांगेत १५ खांब; स्तूपाच्या पाठीमागून अर्धवर्तुळात ७ साधे अष्टकोनी खांब; असे एकूण ३७. डावी रांग आणि उजवी रांग एकमेकींची प्रतिबिंबे. डोळा आपोआप मधल्या अक्षावरून सरकत स्तूपावर जाऊन थांबतो. दर्शनी भागावरच्या मोठ्या कमानीतून येणारा उजेडही स्तूपाकडेच जातो. सममितीचा खरा उपयोग हाच : पाहणाऱ्याचे लक्ष इकडेतिकडे न जाता मुख्य गोष्टीवर ठरावे.

पण या खांबांची दुसरी बाजू फार सुंदर आहे. अनेक खांबांवर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेल्याचा लेख दर्शनी भागात आहे. खांब मात्र निरनिराळ्या लोकांच्या दानातून झाले. त्यांत धेनुकाकट येथील लोक बरेच, आणि स्वतःस यवन म्हणवणारेही कित्येक. एकाने एक खांब दिला, दुसऱ्याने दुसरा. खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या आहेत. जवळून पाहिले की त्यांत फरक दिसतात. दुरून पाहिले की एकच रांग दिसते. वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या आमच्यासारख्या कार्यकर्त्याला हे पाहून भरून येते.

आता चैत्यगृहातून बाहेर येऊन दर्शनी भागाकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला उंच सिंहस्तंभ आहे, माथ्यावर चार सिंह. उजव्या हाताला आज एकवीरा देवीचे मंदिर आहे. तिथेही मुळात असाच एक स्तंभ असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. कार्ल्याच्याच धर्तीवर खोदलेल्या कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात अंगणाच्या दोन्ही बाजूंना स्तंभ आहेत, ते पाहिले की ही कल्पना पटते. काळाच्या ओघात एक बाजू बदलते. तरी उरलेल्या बाजूवरून नाहीशा झालेल्या बाजूचा अंदाज बांधता येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला सममितीचा हा असाही उपयोग आहे.

६. तोल : लेजरची दोन पाने

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, दोन बाजू सारख्या केल्या की चित्र चांगले होते. तसे नाही. सगळेच आरशासारखे केले तर चित्र निर्जीव होते. माणसाचा चेहरासुद्धा अगदी काटेकोर सारखा नसतो आणि हृदय तर डावीकडेच असते. म्हणून सममितीच्या जोडीला तोल हा दुसरा शब्द शिकला पाहिजे.

हे आम्ही आमच्या धंद्यातून सांगतो. जुन्या पद्धतीच्या लेजरमध्ये डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा. नावे बाजूला एकच मोठी रक्कम असेल, जमा बाजूला सात लहान रकमा असतील. दोन्ही बाजूंच्या नोंदी एकमेकींसारख्या मुळीच नसतात. पण संध्याकाळी बेरजा मारल्या की दोन्हीकडचा आकडा एक येतो. तो आला नाही तर कारकुनाला घरी जाता येत नाही. चित्रातला तोल असाच असतो. एका बाजूला एक मोठा गडद आकार, दुसऱ्या बाजूला तीन-चार लहान फिके आकार. नोंदी वेगळ्या, बेरीज सारखी. गडद रंग फिक्यापेक्षा जड वाटतो. कडेचा आकार मध्यावरच्या आकारापेक्षा जास्त ओढतो. माणसाचा चेहरा तर कितीही लहान असला तरी नजर खेचतो. हे सगळे जमेस धरून बेरीज मारायची असते.

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात याचा नमुना आहे. मागच्या भिंतीत बुद्धमूर्तीचे गर्भगृह, त्याच्या डावीकडे पद्मपाणी आणि उजवीकडे वज्रपाणी. जागेच्या दृष्टीने दोघे सममितीत, दोन रक्षकांसारखे. पण पद्मपाणी वेगळा, वज्रपाणी वेगळा. पद्मपाणीचे शरीर त्रिभंगात आहे. मान एकीकडे, कंबर दुसरीकडे. एकही रेघ सरळ नाही आणि तरी तो पडेल असे वाटत नाही. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे सुमारे ७ मीटर लांबीचे शिल्प आहे, तेही मध्यावर नसून डावीकडच्या भिंतीवर आहे. चैत्यगृहाचा मध्य स्तूपासाठी राखलेला आहे.

सममितीचा सर्वांत कडक नमुना म्हणून ताजमहालाचे नाव घेतात आणि ते योग्यच आहे. पश्चिमेला मशीद आहे, म्हणून केवळ तोल साधण्यासाठी पूर्वेला तशीच दुसरी इमारत बांधली. तिला जवाब असेच म्हणतात. १६३१ साली वारलेल्या मुमताजची कबर बरोबर मध्यावर आहे. १६६६ साली शहाजहान वारला, तेव्हा त्याची कबर तिच्या शेजारी पश्चिमेला करण्यात आली. मधली जागा आधीच भरलेली होती. एवढ्या काटेकोर इमारतीतली सममिती मोडली ती इमारत जिने उभी केली त्याच माणसाच्या कबरीने. तरीही ताजमहाल विद्रूप झाला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

७. आमचा नकाशा

आता कबूल केलेला प्रसंग. विहाराच्या दर्शनी भागासाठी समितीने काही सभासदांकडून कल्पना मागवल्या होत्या. आम्ही चार रात्री जागून एक चित्र काढले. मध्ये दरवाजा, वर कार्ल्यासारखी कमान, पुढे सरळ तीन पायऱ्या, दोन्ही बाजूंना सारखे फुलझाडांचे वाफे, दोन सारखे दिवे. घडी घातली तर रेघेला रेघ मिळेल असे. जोत्याची उंची दीड फूट. एका तरुण सभासदाने विचारले, 'काका, वयस्कर मंडळींसाठी बाजूला उतार नको का?' आम्ही म्हणालो, 'उताराने शोभा जाईल. एका बाजूला केला की सगळे बिघडते, आणि दोन्ही बाजूंना करायला जागाही नाही आणि पैसाही नाही.' बैठकीत बहुतेकांना आमचे म्हणणे पटले. आम्हालाही ते पटलेले होते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पुढच्या पौर्णिमेला चित्र सर्वांना पाहायला भिंतीवर लावले. आपल्या वस्तीतल्या एक वृद्ध आजी, ज्यांचे गुडघे कित्येक वर्षांपासून काम देत नाहीत, चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी चित्रावर बोट ठेवले. रस्त्यापासून बोट सरकत पायऱ्यांपर्यंत आले आणि थांबले. आमच्याकडे वळून म्हणाल्या, 'नकाशा झ्याक हाय रं बाबा. पर मी कुठनं येऊ?'

त्या रागाने बोलल्या नाहीत. खरोखरच वाट विचारत होत्या. आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्या आजींनी विहाराच्या निधीत पहिल्या वर्षापासून दर महिन्याची वर्गणी चुकवली नाही, त्यांनाच आमच्या चित्रात दार नव्हते.

त्या रात्री सांचीचा जिना आठवला. गरज एका बाजूला, म्हणून जिना एका बाजूला. आम्ही चित्र पुन्हा काढायला घेतले. दरवाजा, कमान आणि पायऱ्या मधल्या अक्षावर तशाच ठेवल्या, कारण नजर तिथेच जायला हवी. उजवीकडे उतार दाखवला. उताराचा सर्वसाधारण नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. दीड फुटाला अठरा फूट. म्हणजे उजव्या बाजूला एक लांब, बुटका, आडवा आकार आला. त्याचा तोल साधायला डावीकडे काय ठेवावे? तिथे आधीपासूनच एक पिंपळ होता. पहिल्या चित्रात तो सममितीच्या आड येतो म्हणून आम्ही तोडायचा ठरवला होता! तो राहू दिला आणि त्याच्या शेजारी पंचशील ध्वजाचा खांब दाखवला. डावीकडे उंच आणि उभे, उजवीकडे लांब आणि आडवे. नोंदी वेगळ्या, बेरीज सारखी. समितीने हे दुसरे चित्र मंजूर केले. पहिल्यापेक्षा ते दिसायलाही चांगले आहे, असे आता आम्हालाच वाटते.

सममिती आणि समता हे दोन्ही शब्द 'सम' पासून झाले आहेत. दोन्हींचा अर्थ आम्ही एकसारखेपणा असा धरला होता आणि तिथेच चुकलो. सर्वांसाठी सारख्या तीन पायऱ्या, ही सममिती झाली. सर्वांना आत येता येणे, ही समता झाली. चांगल्या रचनेत दोन्ही साधतात. दोहोंपैकी एकच साधणार असेल, तर कोणती निवडायची हे आपण सांगायला नको.

८. विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

(अ) वर सांगितलेल्या रीतीने कंपासने २४ आऱ्यांचे चक्र काढा. पूर्ण झाल्यावर आरे मोजा.

(आ) ठिपक्यांची एक रांगोळी कागदावर काढा. तिच्यात घडीच्या किती रेघा सापडतात आणि ती किती फिरवली की पुन्हा तशीच दिसते, ते शोधा.

(इ) बाराखडीतील कोणते अक्षर उभ्या घडीवर बसते ते पाहा. 'ठ' जवळपास बसतो. बहुतेक अक्षरे बसत नाहीत. इंग्रजीतील ए, एच, एम, टी ही मोठी अक्षरे मात्र बसतात. म्हणून मराठी फलक लिहिताना अक्षरे मोजून मध्य काढू नये. आधी ओळ पेन्सिलीने हलकी लिहावी, पट्टीने तिची लांबी मोजावी आणि मग मध्य ठरवावा. 'म' रुंद असतो, 'र' अरुंद. वर मात्रा आणि खाली उकार येतात, त्यांचेही वजन धरावे.

(ई) एका कागदावर शीर्षक बरोबर मध्यावर लिहा. दुसऱ्यावर मध्यापेक्षा किंचित वर लिहा. दोन्ही भिंतीवर लावून दुरून पाहा. पहिले खाली घसरल्यासारखे वाटेल. डोळ्याचा मध्य पट्टीच्या मध्यापेक्षा थोडा वर असतो, हे त्यावरून कळेल.

(उ) आपल्या घराचे किंवा शाळेचे प्रवेशद्वार काढा. मग आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला ते दाखवा आणि विचारा, 'तुम्ही कुठून याल?'

शेवटचा स्वाध्याय कुठल्याही परीक्षेत विचारला जाणार नाही. पण आमचा अनुभव असा की बाकीचे चार त्याच्यासाठीच आहेत. लेखात काही उणे राहिले असल्यास जाणकारांनी जरूर दाखवून द्यावे. विद्यार्थ्यांनी या सुट्टीत कार्ल्याला किंवा जवळच्या लेण्यांना जावे, बरोबर वही आणि पेन्सिल न्यावी आणि खांब स्वतः मोजून पाहावेत, एवढीच विनंती करून आम्ही रजा घेतो.